साडूंचा बूट

"हा बूट आहे," साडू म्हणाले. आवाजात इतका तिटकारा होता, की मी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं.

पायांत मोजे होते. बूट दाराबाहेरच्या रॅकवर नीट काढून ठेवले होते. साडूंना इंग्लंडात येऊन पन्नास वर्षं होत आली, तरी ताईंच्या, म्हणजे आमच्या हिच्या बहिणीच्या, घरात पादत्राणं उंबऱ्याच्या आत येत नाहीत. ते राहतात ते बोल्टन सरकारदरबारी 1974 पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये आहे. साडू आणि त्यांच्या वयाचे सगळे लोक मात्र अजून पत्त्यावर लँकेशायर लिहितात आणि पोस्टमन बिचारा समजून घेतो.

साडूंच्या हातात सात इंची काळी रेकॉर्ड होती. "बूट म्हणजे बूटलेग हो. चोरून छापलेली. दिसायला अगदी ओरिजिनल, पण नाही."

"वाजते कशी?" मी विचारलं.

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या वराच्या बापाला मुलीचा स्वभाव कसा आहे असं विचारलं होतं. रेकॉर्ड वाजते कशी हा मुद्दा त्या घरात गौण आहे, हे मला पुढच्या पंधरा दिवसांत कळत गेलं.

साडू मिरजेहून डॉक्टर होऊन 1976 साली विगनच्या इस्पितळात कनिष्ठ डॉक्टर म्हणून लागले. नवखा आणि परदेशी, म्हणून शनिवारची रात्रपाळी कायमची त्यांच्या गळ्यात. दर रविवारी सकाळी आठ वाजून गेले, की तरुण पोरं लंगडत यायची. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाचं मनगट सुजलेलं, एकाची तर पाठच धरलेली. दारूचा वास नाही. मारामारीची खूण नाही. सगळ्यांच्या विजारी तंबूएवढ्या रुंद आणि खालच्या कडेला पांढरी भुकटी. साडूंनी पहिल्या महिन्यात तिघांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. मग एका नर्सला दया आली आणि तिनं सांगितलं, की डॉक्टर, ती टाल्कम पावडर आहे. ही पोरं कसिनोत जातात.

कसिनो म्हटल्यावर साडूंना जुगार वाटला. पण विगन कसिनो हा नाचाचा हॉल होता. 23 सप्टेंबर 1973 पासून तिथं रात्रभराचे नाच सुरू झाले. पहाटे दोनला दार उघडायचं, सकाळी आठला बंद व्हायचं. आत दारू मिळत नसे. मिळायचं ते फक्त गाणं, तेही अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं, आठ-दहा वर्षांपूर्वीचं आणि बहुतेक वेळा अमेरिकेत कुणीही विकत न घेतलेलं. फरशीवर पावडर टाकायची, म्हणजे चामडी तळवे घसरतात. मग गिरक्या, उड्या, पाठीवर पडून परत उभं राहणं, आणि शेवटी साडूंचा दवाखाना.

या प्रकाराला 'नॉर्दर्न सोल' म्हणतात. नावातली 'उत्तर' अमेरिकेची नाही, इंग्लंडची. लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाच्या माणसाचं रेकॉर्डींचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्यासाठी उत्तरेकडून आलेली पोरं त्याच्याकडे नवीन फंक वगैरे काही मागत नसत. त्यांना तोच 1965 च्या आसपासचा धावता ठेका हवा असे. गॉडिननं दुकानातल्या सोयीसाठी त्या मालाला 'नॉर्दर्न' म्हटलं आणि 1970 साली 'ब्लूज अँड सोल' मासिकात तेच नाव छापलं. म्हणजे गाणारे डेट्रॉइटचे, शिकागोचे, लॉस एंजेलिसचे आणि नाव विगन-बोल्टनवाल्यांचं. बटाटा पेरू देशातला आणि वडा मुंबईचा, त्यातलीच गत.

आता या प्रांताचं अर्थशास्त्र. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचं भलतं फावलं, तेव्हा गल्लोगल्ली लोकांनी तसल्याच कंपन्या काढल्या. गायक आणला, वाजवणारे आणले, काहीशे प्रती छापल्या. त्या खपल्या नाहीत. उरलेल्या कुठल्यातरी गोदामात गेल्या, नाहीतर वितळवल्या गेल्या. गायक परत बस चालवायला लागला. म्हणून आज त्या रेकॉर्डला किंमत. जी लाखांनी खपली ती जुन्या बाजारात दोन पौंडांना मिळते आणि जी सपाटून आपटली तिला दोन हजार. किती वाईट आपटली, यावर भाव ठरतो. माझे तीन कथासंग्रह पुण्यातल्या एका प्रकाशकाच्या गोदामात आहेत. हे कळल्यापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या आशेनं बघतो.

या आपटण्याच्या शास्त्रात सर्वोच्च स्थान आहे ते फ्रँक विल्सनच्या 'डू आय लव्ह यू' या रेकॉर्डचं. तिचं नाव घेताना साडू कानाच्या पाळीला हात लावतात. मोटाउनच्या 'सोल' या शाखेनं 1965 साली तिच्या वाटपासाठीच्या प्रती काढल्या. मग म्हणे विल्सननंच ठरवलं, की गाण्यापेक्षा दुसऱ्यांची गाणी बसवणं बरं, आणि प्रती नष्ट झाल्या. उरल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. त्यातली एक 2009 साली 25,742 पौंडांना गेली आणि 2020 मध्ये एक लाख पौंडांना गेल्याच्या बातम्या आल्या. तीन मिनिटांचं सुद्धा गाणं नाही. ठाण्यात तेवढ्यात फ्लॅट येतो, पार्किंगसकट.

पण एवढी दुर्मिळ रेकॉर्ड नाचणाऱ्यांच्या पायांत कशी शिरली? तर बूटमुळे! सत्तरच्या दशकात कुणीतरी ते गाणं हाती लागल्यावर चोरून छापलं, वर गायकाचं नाव टाकलं 'एडी फॉस्टर'. हजारो लोक एडी फॉस्टरवर नाचले. एडी फॉस्टर नावाच्या खऱ्या गायकालाही, आपण हे कधी गायलो, असा प्रश्न पडला असेल. मोटाउननं इंग्लंडात ते रीतसर काढलं 1979 साली, म्हणजे चोरांच्या मागोमाग.

खोटं नाव देण्यात चोरच पुढे होते असंही नाही. दुसऱ्या डीजेला सुगावा लागू नये म्हणून रेकॉर्डच्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि वर वाटेल ते नाव लिहायचं, ही डीजेंची रीतच होती. जमैकातले ध्वनिक्षेपकवाले तर याच्याही आधीपासून लेबलं खरवडून टाकत. त्यांच्यातला कॉक्सन डॉड एक अमेरिकन धून 'कॉक्सन हॉप' म्हणून वाजवायचा, आणि प्रतिस्पर्ध्यांनी तिचं खरं नाव शोधण्यात वर्षं घालवली. आपल्याकडे आचारी मसाला कुटताना पाठ करतो, तेवढंच.

साडू निवृत्त झाले आणि त्यांनी रेकॉर्डींना वाहून घेतलं. तपासायची पद्धत मात्र जुनीच राहिली. टेबलावर मऊ फडकं अंथरायचं. पाकिटातून रेकॉर्ड कडेला धरून अलगद काढायची. लेबलकडे आधी बघायचं नाही.

"लेबल म्हणजे पेशंटचं स्वतःचं म्हणणं," साडू म्हणतात. "ऐकून घ्यायचं. विश्वास ठेवायचा नाही."

मग रेकॉर्ड कानाजवळ नेऊन तिच्या कडेवर नखानं टिचकी मारायची, छातीत पाणी झालंय का बघतात तशी. यातही शास्त्र आहे. अमेरिकेतले बरेच कारखाने, विशेषतः लॉस एंजेलिसचा मोनार्क, सिंगल रेकॉर्डी स्टायरीनच्या काढत. प्लास्टिक वितळवून साच्यात दाबायचं आणि लेबल नंतर वरून चिकटवायचं. स्वस्त पडे. व्हिनाइलच्या रेकॉर्डमध्ये व्हिनाइल गरम असतानाच लेबल दाबलं जाऊन एकजीव होतं. स्टायरीन कडक, वाकवली तर तुटते, टिचकीला 'टिक' म्हणते. व्हिनाइल लवचीक, ते 'टप' म्हणतं. इंग्लंडातले बूट बहुतेक सगळे व्हिनाइलचे. तेव्हा अमेरिकेत जी फक्त स्टायरीनवर निघाली होती, ती 'टप' म्हणाली की खेळ खलास. पण एकच गाणं दोन कारखान्यांत छापलेलं असलं, तर एक खरी प्रत 'टिक' आणि दुसरी खरी प्रत 'टप' असू शकते. मी पाच-सहा रेकॉर्डींना टिचक्या मारून पाहिल्या. मला सगळ्या 'टक' म्हणाल्या. साडूंनी त्या माझ्या हातून काढून घेतल्या.

खरी परीक्षा त्यानंतर. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिला हे लोक 'डेड वॅक्स' म्हणतात, मेलेलं मेण. गाण्याचा एक सूर नसलेली ती बोटभर जागा साडू कान तपासायच्या दिव्यानं तासन्‌तास बघतात. तिथं बारीक आकडे आणि खुणा असतात. त्रिकोण आणि आकडा दिसला तर मोनार्क. 'एआरपी' दिसलं तर मिशिगनमधल्या ओवासो गावचा कारखाना, जो 1972 साली जळून गेला. 'बेल साउंड' असा यंत्रानं उमटवलेला ठसा दिसला तर न्यूयॉर्कचा स्टुडिओ. चोराकडे हे ठसे नसतात. तो खिळ्यानं नंबर कोरतो, आपण शाळेत बाकावर कर्कटकानं नाव कोरायचो तसा.

"म्हणजे हातानं कोरलेलं असलं की बूट," मी म्हणालो.

"छे हो. खऱ्यांवरही हातानं कोरलेलं असतं."

"मग?"

"हात ओळखायचा."

डेट्रॉइटच्या कारखान्यात 1966 साली कुणी अनामिक कामगार सात हा आकडा आडवी रेघ देऊन काढायचा की न देता, हे मिरजेचे डॉक्टर बोल्टनमध्ये बसून सांगतात. स्वतः लिहिलेली प्रिस्क्रिप्शनं मात्र त्यांना कधी वाचता आली नाहीत. केमिस्टच वाचायचा.

मला मनापासून पटलेली खूण एकच, ती खरखरीची. चोराकडे मूळ टेप नसते. तो एक खरी रेकॉर्ड वाजवतो आणि तिच्यावरून नवी काढतो. त्यामुळे मूळ रेकॉर्डवरचा ओरखडाही नव्या रेकॉर्डमध्ये आवाज म्हणून उतरतो. सुई त्या जागी आली की 'टक्' ऐकू येतं. रेकॉर्ड उचलून बघावं तर तिथं आरशासारखा पृष्ठभाग. खरी खरखर दिसते, चोरलेली नुसतीच ऐकू येते.

यावर मी साडूंना आमच्या घरची गोष्ट सांगितली. आम्ही रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी उतरवत असू, त्यात एका नाट्यगीताच्या दुसऱ्या अंतऱ्यात आईच्या कुकरची शिट्टी आली होती. पुढे तेच पद कॅसेटवर, सीडीवर, मोबाइलवर ऐकलं, पण त्या जागी शिट्टी आली नाही की अजून चुकल्यासारखं वाटतं. साडू गंभीर झाले. म्हणाले, "बघा, तुमच्या कॅसेटची कुणी चोरून नक्कल केली, तर शिट्टीवरून तुम्हाला ती सिद्ध करता येईल." नक्कल कोण करणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

दुसऱ्या शनिवारी जवळच्या एका गावी रेकॉर्डींचा बाजार होता. साडू, मी आणि आमची ही. ताई आल्या नाहीत. त्या अशा ठिकाणी एकदाच गेल्या होत्या, 1989 साली.

नगरभवनाचा मोठा हॉल. लांबच लांब टेबलं, त्यावर खोकी, आणि खोक्यांत बोटं चालवणारे साठी-सत्तरीचे गृहस्थ. सगळ्यांची बोटं पत्ते पिसावीत तशी चालत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका टेबलापाशी साडू थबकले. श्वास रोखलेला मला दिसला. गाण्याचं नाव मी सांगत नाही, साडूंच्या अब्रूचा प्रश्न आहे. तीस वर्षं ते या रेकॉर्डच्या शोधात होते. विक्रेत्याच्या दंडावर या पंथाची वळलेली मूठ गोंदवलेली होती. त्यानं तीनशे ऐंशी पौंड सांगितले आणि आपलं कशातच लक्ष नसल्यासारखा तो सँडविच खात राहिला.

साडूंनी टिचकी मारली. हॉलमध्ये इतका गोंगाट, की टिचकीला काय उत्तर आलं ते त्यांनाच माहीत. डेड वॅक्स बघितली. हातानं कोरलेला नंबर, आणि तो तसाच असायला हवा होता. मग त्यांना लेबलवर ती गोष्ट दिसली. अमेरिकेतल्या एका रेडिओ केंद्राचा वाकडा शिक्का आणि निळ्या पेनानं लिहिलेली तारीख. साडूंचे डोळे भरून आले. "राव, ही रेडिओवर गेलेली प्रत आहे. ही वंशावळ आहे!" त्यांनी पैसे मोजले. पिशवी हिच्याकडे धरायला दिली.

आमची ही तीस वर्षं बँकेत कॅशियर होती. नोटाबंदीच्या पन्नास दिवसांत तिच्या हाताखालून किती गड्ड्या गेल्या, याचा हिशेब नाही. तिच्या उजव्या अंगठ्याला स्वतंत्र बुद्धी आहे. बोलता बोलता तो अंगठा कागदावरून फिरतो आणि तिला नकळत निकाल देतो. गाडीत मागच्या सीटवर ती पिशवीत हात घालून बसली होती. घरी आल्यावर चहा ढवळताना म्हणाली, "भाऊजी, त्यावरची तारीख लिहिलेली नाहीये. छापलेली आहे."

साडू हसले. अडाणी माणसाला समजावताना डॉक्टर हसतात तसं.

"पेन दाबून लिहिलं की कागदाला खळगा पडतो," ती म्हणाली. "इथं लागत नाही. आणि शिक्का बघा, सगळे ठिपके ठिपके. पेपरातला फोटो असतो ना, तसे."

साडूंनी दिवा आणला. भिंग आणलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. चोरानं एका खऱ्या रेकॉर्डच्या लेबलचा फोटो काढला होता आणि त्या फोटोत शिक्का, तारीख, चहाच्या कपाचा पुसट डागसुद्धा इमानेइतबारे आला होता. तीनशे ऐंशी पौंडांचा डाग.

"अगं, मग तिथंच का नाही सांगितलंस?" ताई म्हणाल्या.

"मला कुणी विचारलं? मला पिशवी धरायला दिली होती."

साडू जेवले नाहीत. रात्री अकराला मात्र त्यांच्या खोलीतून टिचक्यांचा आवाज यायला लागला. मी डोकावलो तर चेहऱ्यावर तरतरी. "हा बूट सत्तरच्या दशकातला असू शकतो," ते म्हणाले. "तेव्हाच्या बुटांनासुद्धा आता गिऱ्हाईक आहे. फक्त हा त्या वेळचा ओरिजिनल बूट आहे, की त्याची आता कुणी नक्कल केली, ते बघायला हवं." खोट्यातलं खरं खोटं आणि खोटं खोटं वेगळं करत ते पहाटे दोनपर्यंत जागे होते. विगन कसिनोचं दार याच वेळी उघडायचं.

या सगळ्यात गाणाऱ्याचं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं. बूट विकला गेला तर गायकाला एक पैसा मिळत नाही, म्हणून साडू चोरांना शिव्या घालतात. ते बरोबरच. पण ओरिजिनल पाच हजारांना विकली गेली, तरी गायकाला तेवढंच मिळतं, म्हणजे एकही पैसा नाही. साडूंनी यावर डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "पण ओरिजिनलच्या वेळी निदान तो अपयशी तरी ठरला होता." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. डीन पॅरिशसारखे काही गायक म्हातारपणी इंग्लंडात येऊन हॉलभर लोकांसमोर गायले, एवढा त्यात दिलासा.

जाण्याआधीच्या शनिवारी साडू आम्हाला एका कामगार क्लबातल्या सोल नाइटला घेऊन गेले. पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 'ओव्हीओ'. मला वाटलं ओव्या म्हणतील. तर अर्थ निघाला, इथं फक्त ओरिजिनल व्हिनाइल वाजेल, बूट नाही, नंतरची प्रत नाही, लॅपटॉप तर नाहीच नाही. फरशीवर पावडर होतीच. नाचणारे सत्तरीला टेकलेले, दोघा-तिघांचे गुडघे धातूचे. पण ठेका सुरू झाला आणि फुलाफुलांचा घेरदार स्कर्ट घातलेल्या एका आजीबाईंनी जी गिरकी घेतली, ती बघून आमची ही म्हणाली, "हिला फुगडी चांगली येत असणार." सगळे डोळे मिटून नाचत होते. डोळे उघडे होते ते फक्त साडूंचे. ते डीजेच्या टेबलाला चिकटून उभे होते आणि मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरणारं लेबल वाचायचा प्रयत्न करत होते. त्यांची मान रेकॉर्डबरोबर फिरत होती. नाच म्हणायचा तर एवढाच.

रविवारी सकाळी मला जाग आली ती संगीतानं. त्या घरात पंधरा दिवसांत पहिल्यांदा. साडूंच्या कपाटात दोन हजार रेकॉर्डी आहेत, पण झिजतील म्हणून एकही वाजत नाही. खाली स्वयंपाकघरात ताईंनी जुना प्लेयर ओट्याच्या टोकाला ठेवला होता आणि त्यावर ती तीनशे ऐंशीची रेकॉर्ड लावली होती. ढोल, टाळ्या, डफ, आणि मधे एक माणूस जीव तोडून गात होता. दुसऱ्या कडव्यात 'टक्' असा आवाज आला. दुसऱ्या कुणाच्यातरी रेकॉर्डवरचा ओरखडा, साठ वर्षांपूर्वीचा. ताई त्याच तालावर भाकरी थापत होत्या.

जिन्यावर साडू उभे. चेहरा कठोर.

"ही कुठली कॉपी आहे?"

"बूट आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, हा झिजला तरी चालेल."

साडू काहीतरी बोलायला दोन पायऱ्या उतरले. मग तिसरी उतरताना त्यांची टाच ठेक्यावर पडली. पुढची मुद्दाम पडली असावी. ओट्याखाली तांदळाचं पीठ सांडलेलं होतं. साडूंची घरातली सपात त्यावरून सुळकन घसरली, आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत मिरजेचे निवृत्त डॉक्टर एका पायावर पूर्ण गोल फिरून फ्रिजला धरून उभे राहिले. विजारीच्या कडेला पांढरी भुकटी.

ताईंनी तव्यावरची नजर काढली नाही. "घोटा सांभाळा," म्हणाल्या.